बोट अजून तयार नाही

७ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तब्येतपाणी विचारायच्या मनःस्थितीत मी आज नाही, तेव्हा थेट मुद्द्यावर येते. आपली बोट निघणार कधी?

सप्टेंबरात दादानं लिहिलं, 'ठमे, ऑक्टोबरच्या शेवटी निघायचं, रजा टाक.' मी चष्म्याच्या दुकानातल्या साहेबांच्या हातापाया पडून सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळवली. "ही पहिली आणि शेवटची," साहेब म्हणाले. घर एका जोडप्याला भाड्यानं दिलं. सामान बांधलं. आणि मग दादाचं दुसरं पत्र, की डोलकाठी उतरवून ठेवलीय, जरा थांब. आता थांबू कुठं? भाडेकरूंची विनवणी करून माझ्याच घरातली मागची खोली मी परत मागून घेतली. तीच ती, जिथं मी रद्दी ठेवायचे. चहा करायला माझ्याच स्वयंपाकघरात जाताना मी दार वाजवते. भाडेकरीण फार सज्जन आहे. काल तिनं विचारलं, "साखर कुठं असते माहितीय ना तुम्हाला?" मी हो म्हटलं. ती बरणी माझ्या आईची आहे.

वारे मार्चपर्यंतच आपल्या बाजूनं असतात, हे मला दादानंच शिकवलं. एकदा फिरले की पुढच्या वर्षापर्यंत समुद्र ओलांडायचं नाव नको. आणि पुढच्या वर्षी मला रजा नाही. म्हणजे या मार्चपर्यंत निघालो तर मी तुमच्याबरोबर, नाही तर जन्मभर लोकांना खालची ओळ वाचायला सांगत बसेन. धरणाच्या पाण्यात दादाबरोबर फळकुटाएवढी नाव चालवायला शिकले तेव्हापासून मला एकदाच, एकदाच पलीकडे जायचंय गं.

तुमच्या बोटदुरुस्तीच्या यार्डातल्या फोनवर बोलायची सोय नाही, मालक शेजारी उभा राहून ऐकतो. म्हणून लिहितेय. खरं खरं लिही.

तुझी ठमी


१९ नोव्हेंबर

प्रिय ठमू,

तुझं पत्र शिडीवर बसून वाचलं. बोट अजून पाण्याबाहेर टेकूंवर उभी आहे, त्यामुळे आमचं येणंजाणं शिडीवरूनच. स्वयंपाक वर, संडास यार्डाच्या टोकाला. रात्री तहान लागली तरी मी पाणी पीत नाही, म्हणजे बघ.

तुझ्या बंधुराजांचं काय सांगू? परवा पाण्याच्या पंपाचा एक नट बदलायचा होता. दहा मिनिटांचं काम. नट काढताना त्यांना शेजारची नळी दिसली. नळी काढली तर तिचा पट्टा गंजलेला वाटला. मला विचारशील तर पट्टा माझ्यापेक्षा ठणठणीत होता. मग म्हणे एक पट्टा असा तर बाकीचे कसे असतील? संध्याकाळपर्यंत बोटीतल्या सगळ्या नळ्या माझ्या अंथरुणावर. मी बसले होते बाहेर, थंडीत, नळ्या सांभाळत.

तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यात त्यानं. "लिफ्टमध्ये चढणारा माणूस दोर बघत नाही, कारण तो मी बघितलेला असतो," हे वाक्य मी लग्नाआधीपासून ऐकतेय. तेव्हा मला ते आवडायचं सुद्धा. ज्यात माणसं बसणार ते मी सगळं तपासल्याशिवाय पास करत नाही, म्हणतो. ठीक आहे ना, पण लिफ्टला वारे फिरायची भीती नसते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बोट पाण्यात, असं आज कबूल करून घेतलंय. तू एक काम कर. इथं डबाबंद खाणं फार महाग आहे, तिकडे घाऊक घेऊन ठेव. वाटाणे, टोमॅटो, मासे, फळं, सूप, तिघांना दीड महिना पुरेल असं. आणि हो, डब्यांची कागदी लेबलं सगळी काढून टाक. बोटीत ओल लागली की कागद सुटतो, तळाच्या पाण्यात जातो आणि पंपात अडकतो. भर समुद्रात पंप बंद पडला तर काय होतं ते तुला सांगायला नको.

तुझी वहिनी


८ डिसेंबर

प्रिय वहिनी,

डबे झाले! पाच खोकी. तीन संध्याकाळी न्हाणीघरात बादली घेऊन बसले होते, गरम पाण्यात बुडवून एकेक लेबल सोलून काढलं. गोंद राहू नये म्हणून तारेच्या चोथ्यानं घासलं. भाडेकरीण मदतीला आली तिला म्हटलं, नको, हे बोटीचं काम आहे, चुकून चालत नाही. आता खोलीत पाच खोक्यांमध्ये मी आहे की माझ्यात पाच खोकी हे सांगता येणार नाही, पण डबे कसे आरशासारखे चकचकीत झालेत. दादालाही यात खोट काढता येणार नाही.

बाकी तयारी चालू आहे. खुर्चीच्या पाठीला दोर बांधून डोळे मिटून गाठी मारते. रोज पोहते. बोटीवरच्या पहाऱ्याची सवय म्हणून पहाटे उठून खिडकीशी बसते, तर शेजाऱ्यांनी भाडेकरूंना विचारलं, की मागच्या खोलीतल्या बाईंना काही दुःख आहे का.

बोट पाण्यात पडली का? तारीख तरी कळव.

तुझी ठमी


१७ डिसेंबर

वन्सं,

(रागावले की मी तुला वन्सं म्हणते, हे तुला ठाऊक आहे.)

अगं, लेबलं काढायची म्हणजे आधी डब्याच्या डोक्यावर आत काय आहे ते रंगानं लिहायचं आणि मग काढायची! हे पण सांगायचं का? बोटीवर राहणाऱ्या शेंबड्या पोराला विचार, तो सांगेल. आता तुझ्या त्या आरशात वाटाणे आहेत की मासे, हे भर समुद्रात डबा फोडल्यावर कळणार! मी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. चूक माझीही आहे, मी गृहीत धरलं. तुझे बंधुराज मात्र गंभीर. म्हणाला, "बघ, म्हणूनच मी घाई नको म्हणतो."

सगळे डबे आता कानाशी धरून हलव. खळखळ वाजेल ते सूप, दबदबेल ते फळ, आवाज नाही तो टोमॅटो. अंदाजानं लिही आणि गप्प बस.

बोट पाण्यात पडलेली नाही. सुकाणूच्या बोल्टांवर संशय आहे. नवीन बोल्ट मागवलेत. ते आले की जुन्यांशी मोजून बघणार, आणि जुने चांगले निघाले तर नव्यांवर संशय. शेजारच्या दोन बोटी या आठवड्यात निघाल्या. दोन्हींच्या डोलकाठ्या धरून ठेवणाऱ्या तारा आमच्याहून जुन्या. जाताना त्यांनी भोंगा वाजवला, आम्ही शिडीवरून हात हलवला. बोटीला हात करणारी बोट पाहिलीस कधी?

दुपारी मी आणि तो बादली पाण्यात टाकून माणूस पडल्याचा सराव करतो. शेजाऱ्याच्या छोट्या होडीतून. माझी बादली दोनदा पहिल्या फेरीत हाती लागली, त्याची एकदाही नाही. तो म्हणाला, होडी वेगळी, बोट वेगळी.

मी त्याला बोलत नाही. तूही बोलू नकोस. तो मनातून हललेला आहे, इतकंच सांगते. कारण विचारू नकोस.

वहिनी


४ जानेवारी

दादा,

वहिनीनं मला तुला बोलू नकोस म्हणून सांगितलंय, म्हणून बोलतेय.

तू काय चालवलंयस? माझी रजा संपत चाललीय. घरात मी पाहुणी, दुकानात मी परकी. काल माझ्या जागेवर आलेला नवा मुलगा साहेबांना माझ्याच खुर्चीवरून म्हणाला, "या बाई परत येणार आहेत का?" साहेब म्हणाले, "आधी जातील तर!"

तू मला धरणावर काय शिकवलंस आठवतंय? नाव बुडाली तर बुडाली, तिला धरून बाहेर ये आणि पुन्हा चढ. मी सात वर्षांची होते. तू नावेत उडी मारून दोर सोडायचास आणि मग बघायचास शीड आहे की नाही. तो माणूस कुठं गेला?

बोल्ट, नळ्या, तारा यांची यादी मला पाठवू नकोस. कारण पाठव.

ठमी


१५ जानेवारी

प्रिय ठमे,

एवढी तडकू नकोस. कारण सांगतो, पण वहिनीजवळ ब्र काढायचा नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं बोट घेऊन तीन दिवसांसाठी बाहेर गेलो होतो, चाचणी म्हणून. तिला बोट लागली. लागली म्हणजे कशी, पहिल्या दिवसापासून बादली सोडली नाही तिनं. पाणीसुद्धा टिकेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट वळवावी लागली. परतल्यावर तीच सगळ्यांना सांगत होती, "माझ्यामुळे यावं लागलं परत." मला किती वाईट वाटलं तुला काय सांगू.

आता तिला तोंडावर 'तू येऊ नकोस' कसं म्हणू? पोहायला शिकवण्याची चांगली नोकरी सोडून आली ती या बोटीसाठी. बोट अर्धी तिच्या पैशानं घेतलेली. ती माघार घेणार नाही, आणि महिनाभर समुद्रात तिला तसं पडलेलं बघायची माझी हिंमत नाही. म्हणून काही ना काही काढतोय. या वर्षी नाही जमलं तर नाही जमलं. तिला वाटू दे मी चेंगट आहे.

तुझी रजा वाया जातेय याचं मला दुःख आहे. पण बायको आहे ती माझी.

सुकाणूचे बोल्ट खरंच खराब होते, ते मात्र खोटं नव्हतं.

तुझा दादा


२२ जानेवारी

प्रिय वहिनी,

कसं लिहू कळत नाही, तेव्हा जसं येईल तसं लिहिते. रागावू नकोस.

दादानं मला ऑगस्टचं सांगितलं. सांगू नकोस म्हणाला होता, पण या घरात कोण कोणाचं ऐकतं? वहिनी, बोट लागण्यात लाज कसली? आमच्या दुकानात ड्रायव्हर येतात ज्यांना मागच्या सीटवर बसवलं तर उलट्या होतात. तो तुझ्यासाठीच टाळाटाळ करतोय गं. तुला दुखवायचं नाही म्हणून बिचारा नळ्या काढतोय आणि लावतोय.

माझं ऐकशील? तू किनाऱ्यावर राहा. मी आणि दादा दोघं बोट नेतो. तू विमानानं ये, पलीकडे आम्हाला धक्क्यावर भेट. यात कमीपणा काही नाही. अजून फेब्रुवारी पूर्ण हातात आहे, मार्चच्या आत आरामात निघू.

माझ्यासाठी म्हणून तरी विचार कर.

तुझी ठमी


३० जानेवारी

वन्सं,

'बिचारा' हा शब्द वाचून मी तुझं पत्र चुलीत घालणार होते. चूल गॅसची आहे म्हणून वाचलं.

मला बोट लागली. हो, लागली. दीड दिवस बादली घेऊन बसले, पण बसले कुठं? सुकाणूपाशी! एका हातात बादली, एका हातात सुकाणू. मला माझं पोट माहीत आहे. तिसऱ्या दिवशी ते शांत होतं, दर वेळी होतं. तिसरा दिवस मला मिळाला नाही.

काय झालं ते ऐक. तुला म्हणून सांगते, त्याला कळता कामा नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागं वळून पाहिलं तर जमीन दिसेनाशी झाली होती. मी त्याला हाक मारली, "अरे बघ, संपली जमीन!" मला आनंद झाला होता गं. तो वर आला. त्यानं चारही बाजूंना पाहिलं. मग खाली गेला आणि हत्यारांची पेटी उघडून पाने आवरायला लागला, लहानापासून मोठ्यापर्यंत. लावून झाले की पुन्हा पहिल्यापासून. थोड्या वेळानं म्हणाला, "इंजिनाचा आवाज बरा नाही, वळव." इंजिन बंद होतं, ठमू. आम्ही शिडावर चाललो होतो.

मी वळवली. यार्डात लोकांनी विचारलं, इतक्यात परत? तो माझ्याकडे बघत उभा राहिला, अगदी शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा. मला बघवेना. मी म्हणाले, "मला बोट लागली हो." त्यानं मान डोलावली. आठवड्यानं तो स्वतः लोकांना तेच सांगायला लागला. आणि आता तुझ्या पत्रावरून कळतंय, की त्याला ते खरं वाटतंय. मी त्याला पांघरूण म्हणून दिलेलं खोटं त्यानं अंगात घातलं आणि वर मलाच दया दाखवतोय!

पाच महिने मी शिडीवरून चढ-उतार करतेय, त्याला धीर येईल म्हणून वाट बघत. आणि तो म्हणे माझ्यासाठी थांबलाय. मला इतकी चीड आलीय की आज मी पूर्ण डेक घासून काढला, दोनदा.

किनाऱ्यावर मी राहणार नाही.

वहिनी


६ फेब्रुवारी

दादा,

हे तुला कळू देऊ नकोस म्हणून वहिनीनं बजावलं होतं. मी कळवतेय. राग धरायचा असेल तर रांगेत उभा राहा, तुझ्या आधी वहिनी आहे.

ऑगस्टमध्ये बोट वहिनीमुळे वळली नाही. जमीन दिसेनाशी झाली आणि तू घाबरलास. इंजिनाचा आवाज तू ऐकलास तेव्हा इंजिन बंद होतं. वहिनीनं लोकांसमोर तुझी बाजू सावरली आणि तू ती खरी धरून बसलास.

माझ्यासमोर रोज माणसं बसतात, दादा. डोळ्यानं दिसत नसतं, पण आधीच्या माणसाचं ऐकून अक्षरं पाठ केलेली असतात. खालची ओळ घडाघडा म्हणतात. त्यांना मी खोटारडे म्हणत नाही, कारण म्हणताना त्यांना खरंच वाटतं की दिसतंय. मी फक्त तक्ता बदलते.

भीती वाटली यात काय आहे? मला सांगायचंस. मी हसले असते, पण दोनच मिनिटं. तू आमच्या दोघींची वर्षं त्या टेकूंवर चढवून ठेवलीस, आणि वर वहिनीच्या नावावर, हे मला सहन होत नाही.

ठमी


१६ फेब्रुवारी

ठमी,

पत्र मिळालं.

डोलकाठीच्या डाव्या बाजूच्या तारेला पायथ्याशी एक केसाएवढी चीर आहे. भिंगातून दिसते. बॅटरीचा एक खण गरम होतो. नांगराची साखळी अजून पूर्ण उलगडून पाहिलेली नाही. पुढच्या झडपेचं रबर मऊ पडलंय. तीस वर्षांत माझ्या हाताखालची एकही लिफ्ट पडली नाही, ती कुणाच्या पत्रांमुळे नाही.

तुझ्या वहिनीला काय वाटतं ते तिनं मला सांगावं. तिला तुझ्या टपालाची गरज लागते हे मला माहीत नव्हतं.

बोट अजून तयार नाही. झाली की कळवीन.

दादा


३ मार्च

प्रिय ठमू,

तुझ्यावर मी चिडले, मग नाही चिडले, आता पुन्हा थोडी चिडलेय. चोंबडेपणाला काही सीमा? पण जे मी पाच महिने गिळून बसले होते ते तू एका पाकिटात घातलंस, त्याला काय म्हणू?

त्यानं तुझं पत्र माझ्यासमोर टेबलावर टाकलं आणि विचारलं, "इंजिन बंद होतं?" मी म्हटलं, हो. तो शिडी उतरून गेला. मग आठवडाभर आम्ही दोघं चार पावलांच्या जागेत एकमेकांना न शिवता राहिलो. जेवण वाढ, जेवण झालं, दिवा घालव, एवढंच बोलणं. बोटीवर भांडण करू नये बाई, दार आपटायला दार नसतं.

आठव्या दिवशी मी यार्डाच्या मालकाकडे गेले आणि म्हटलं, उद्या क्रेन आण. मालक म्हणाला, "साहेबांना विचारलंत?" मी म्हटलं, बोट अर्धी माझी आहे, माझा अर्धा भाग पाण्यात घाला, उरलेला आपोआप येईल. बोट पाण्यात पडली तेव्हा तुझा दादा धक्क्यावर उभा होता, हातात स्क्रूड्रायव्हर. थेंबभर पाणी आत आलं नाही. त्यानं तरी खाली जाऊन सगळ्या झडपा चाचपल्या.

काल मी विचारलं, येतोस ना? येणार नाही असं तो म्हणत नाही. म्हणतो, "तुम्ही व्हा पुढं, तेवढी साखळी बघून मी येतो." जशी काही बोट म्हणजे बस आहे आणि मागची मिळणार आहे! मला हसू आलं, मग एवढं रडू आलं की मी पंपाच्या मागं जाऊन बसले.

मी जाणार. वारा पंधरा तारखेच्या पुढे टिकेल की नाही सांगता येत नाही. दोघींनी न्यायची तर चार तास तू, चार तास मी, महिनाभर, अशी झोप. जमेल का विचार कर आणि नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण, मला राग येणार नाही. म्हणजे येईल, पण नंतर जाईल.

ये लवकर.

वहिनी


२१ एप्रिल

प्रिय बंधुराज,

हो, मी तुझ्या पाठीमागं तुला हेच म्हणते, आता माहीत असू दे.

पोचलो. पहाटे जमीन दिसली, दुपारी नांगर टाकला. ठमी किनाऱ्यावर उतरली, चार पावलं टाकली आणि डुलत जाऊन एका बाकावर बसली. अजून तिथंच आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय की आम्ही पलीकडून आलो.

त्या दिवशी धक्क्यावर तू आमचे दोर सोडलेस, पुढचा, मग मागचा. दोर नीट गुंडाळून डेकवर टाकलास. बोट दहा हात गेल्यावर मला ओरडून सांगावंसं वाटलं, उडी मार. वेळ होती. पण मला भीती वाटली, की तू मारशील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाने आवरत बसशील. मी पुढं बघत राहिले. याचं मला रोज वाईट वाटलं.

दोन दिवस मला बोट लागली. तिसऱ्या दिवशी पोट शांत झालं. चौथ्या दिवशी भाकर भाजली. मधल्या एका रात्री वारा असा सुटला, की ठमी पट्ट्यानं बांधलेली असूनही देवाचं नाव घेत होती. चारी बाजूंना पाणी, वर काळोख, आणि इतक्या मोठ्या जगात आपण नखाएवढे. तेव्हा मला कळलं रे तुला काय दिसलं होतं. मी पण घाबरले. सुकाणू धरून मोठ्यानं रडले. फक्त वळवली नाही, कारण वळवून जाणार कुठं?

आणि एक गोष्ट सांगायचीय, ती सांगताना आत्ताही दात खाल्ले जातात. महिनाभरात या बोटीवर काहीही मोडलं नाही. एक नट सैल झाला नाही. एक नळी गळली नाही. त्या रात्री तारा अशा कण्हत होत्या की मी म्हटलं, आता एक तरी तुटणार. तुटली नाही. मला एवढा संताप आला तुझा! काहीतरी तुटलं असतं तर तुला शिव्या दिल्या असत्या, मन मोकळं झालं असतं. तेवढंही तू ठेवलं नाहीस. ठमी म्हणाली, वहिनी, पट्टा बांधून आपण दोघी बसलोय, पण धरून त्यानं ठेवलंय आपल्याला. मी तिला म्हटलं, गप्प बस आणि झोप, तुझी पाळी दोन वाजता आहे.

ठमी आठवडाभरात विमानानं परत जाणार, रजा संपायच्या आत साहेबांना तोंड दाखवायचंय. मी बोटीवर आहे. वारे फिरले की बोट घरी आणायची आहे. एकटीनं आणू शकते, पण आणायची नाही.

वहिनी नाही, तुझी बायको

ता.क. दादा, मी ठमी. तू मला पुन्हा काही शिकवायला गेलास तर आधी मी तुला शिकवणार. बाकी भेटीअंती. ही बया अजून माझ्या खांद्यावरून वाचतेय.


९ मे

प्रिय,

तुझं पत्र यार्डाच्या मालकानं स्वतः आणून दिलं. पाकीट उघडं होतं, तेव्हा त्यानं वाचलेलं दिसतंय. म्हणाला, "अभिनंदन." मी त्याला हाकलून दिलं.

तुम्ही निघाल्यावर धक्क्यावरच्या लोकांनी विचारलं, तुम्ही का नाही गेलात? मी सांगायला तोंड उघडलं, की बायकोला... आणि थांबलो. मग म्हटलं, मला भीती वाटली. एकदा म्हटल्यावर फार काही झालं नाही. लोक आपापल्या कामाला लागले. एवढ्या एका वाक्यासाठी मी सात महिने काढले याचा मला राग येतो, आणि तू ते इतके महिने मला म्हणू दिलं नाहीस याचाही येतो. हे बरोबर नाही, माहीत आहे. पण येतो.

काही मोडलं नाही हे वाचून मी तीन वेळा उठलो आणि बसलो. डाव्या तारेच्या पायथ्याशी ती चीर आहे का बघ. नसेलच. मला माहीत होतं तेव्हाही, नव्हतीच.

तिकीट काढलंय. बावीस तारखेला तुझ्याजवळ पोचतो. सुकाणू तुझं, माझं काम खाली. एकच सांगायचंय आणि ते आत्ताच, जमिनीवर उभा असताना सांगतो. जमीन दिसेनाशी झाली की मी काहीतरी काढणार. तार म्हणीन, झडप म्हणीन, पाण्याचा वास म्हणीन. कारण अगदी पटण्यासारखं असेल, मला तेवढं येतं. मी हात जोडीन, कदाचित तुझ्यावर ओरडेन. तेव्हा मी काहीही म्हटलं तरी बोट वळवू नकोस.

तुझा